सोनं, हुंडी आणि लष्करच्या बाया

ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेला, महाराज बाड्यापासून चालत निघालं की थोड्याच वेळात सराफा बाजार लागतो. खाली दागिन्यांची दुकानं, वर जुन्या दगडी हवेल्यांचे कोरीव झरोके. या सगळ्या भागाला लष्कर म्हणतात, कारण तो आधी खरोखरच लष्कराचा तळ होता. शहर नंतर झालं. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी इथे तंबू ठोकले, आणि बारा महिने फिरतीवर असलेली ती छावणी पुन्हा हलली नाही. कनातींच्या जागी कुडाच्या भिंती आल्या, कुडाच्या जागी दगड आला. शिंद्यांचे सराफ त्याआधीच छावणीबरोबर हिंडत होते. ग्वाल्हेरच्या सराफ्याचा पूर्वज असा तंबूतला बाजार आहे.

बायाही तंबूतूनच आल्या. कोणी पुण्याहून, कोणी सातारा-कोल्हापुराकडून, कोणी कोकणातून. शितोळे, फाळके, आंग्रे, जाधव या सरदारांच्या घरच्या बायका मेण्यातून आणि घोड्यावरून आल्या. त्यांच्या कुणबिणी, शिपायांच्या बायका, दळणकांडण करणाऱ्या बाया पायी किंवा बैलाच्या पाठीवरच्या बोजाबरोबर आल्या. माहेर सुटलं ते बहुतेकींचं कायमचंच. अंगावरचं सोनं एवढीच हातातली हक्काची पुंजी. या बायांचा इतिहास आपण सांगतो तो तलवारीचा. घोड्यावरची राणी, पाठीला बांधलेलं मूल, हातात भाला. ते खोटं नाही. पण लष्करच्या बायांच्या आयुष्याची खरी दोरी पैशाच्या हातात होती, आणि काहींनी ती स्वतःच्या हातात घेतली. ते पराक्रम पोवाड्यात बसत नाहीत, म्हणून मागे राहिले.

तंबूंचं शहर होण्याचा असाच प्रकार पुढे चाळीसेक वर्षांनी जगाच्या दुसऱ्या टोकाला घडला, तो सोन्यापायी. १८५१ साली ऑस्ट्रेलियात बॅलरटला सोनं सापडलं आणि इंग्लंड-आयर्लंडमधून माणसांचे लोंढे तिकडे धावले. त्या खाणवस्त्या पुरुषांच्याच, असा समज पुढे कित्येक वर्षं टिकला. प्रत्यक्षात मार्था क्लेंडिनिंगसारखी डॉक्टराची बायको तिथे तंबूत दुकान थाटून बसली होती. १८५४ च्या युरेका उठावानंतर संपादक नवरा तुरुंगात गेला तेव्हा क्लारा सीकँपनं ‘बॅलरट टाइम्स’ चालवला. फरक इतकाच, की बॅलरटला सोनं जमिनीतून निघायचं आणि लष्करात ते मुलखाच्या वसुलीतून, सावकाराच्या कर्जातून, नाहीतर लुटीतून यायचं. बाई दोन्हीकडे होती, आणि दोन्हीकडे लिहिणाऱ्यांच्या नजरेतून निसटली.

शिंद्यांची छावणी स्थिरावण्याच्या जेमतेम वर्षभर आधी एका इंग्रजानं ती आतून पाहिली. थॉमस ब्रॉटन हा इंग्रज रेसिडेंटच्या पथकाचा अधिकारी. १८०९ साली तो दौलतरावांच्या छावणीबरोबर फिरत होता आणि भावाला पत्रं लिहीत होता. पुढे १८१३ साली ती लंडनला पुस्तकरूपानं छापून आली. माणूस तिरकस, मराठ्यांविषयी फारसं चांगलं न बोलणारा. पण डोळे उघडे ठेवणारा. तळ हलला की बिनीवाला पुढे जाऊन निशाणं रोवायचा. त्या निशाणांच्या खुणेनं दुकानं लागायची. त्यामुळे मुक्काम कुठेही पडो, छावणीतल्या माणसाला आपला वाणी, आपला सराफ शोधत फिरावं लागत नसे. फौजेचा पगार मात्र कायम थकलेला. थकलेल्या पगारासाठी शिपाई सरदाराच्या दारात धरणं धरून बसायचे, सरदार सावकाराच्या दारात जायचा, आणि सावकार व्याजाचा दर वाढवायचा.

याच पत्रांत जोरावरसिंगाची गोष्ट आहे. शिंद्यांच्या एका पलटणीत या नावाचा एक तरणा शिपाई होता. कवायतीत चोख, वागण्यात सरळ, सोबत्यांत प्रिय. एक दिवस उघडकीला आलं, की जोरावरसिंग हा पुरुष नाही, मुलगी आहे. तिचा भाऊ कर्जापायी भोपाळला कैदेत पडला होता. त्याला सोडवायला पैसा हवा होता आणि बाईच्या जातीला पगार देणारं काम कुठे मिळणार? म्हणून तिनं पुरुषाचा वेश घेतला, बंदूक खांद्यावर टाकली आणि पगारातून पै-पै साठवत राहिली. गोष्ट षट्कर्णी झाल्यावर खुद्द महाराणींनी तिला आपल्या पदरी ठेवून घ्यायची तयारी दाखवली. पोरीला त्याचा मोह पडला नाही. तिला भाऊ सुटायला हवा होता. दौलतरावांनी तिला पैसे दिले आणि भोपाळच्या नबाबाला पत्र दिलं, असं ब्रॉटन लिहितो.

थकलेल्या पगाराच्या फौजेत एका पोरीनं कर्ज फेडण्यासाठी शिपाईगिरी केली, याचं कौतुक ब्रॉटनला वाटलं. त्यात त्याला नवलही वाटलं. नवल वाटायचं खरं तर कारण नव्हतं. त्या छावणीत प्रत्येक जण कोणाचं तरी देणं फेडत होता.

तिला आश्रय देऊ करणाऱ्या महाराणी म्हणजे बायजाबाई शिंदे. कागलच्या घाटग्यांची लेक. जन्म १७८४ चा. घोड्यावर मांड घट्ट, भाला-तलवार चालवण्यात तरबेज. वडील सखाराम घाटगे, म्हणजे सर्जेराव. हे नाव पुण्यात एकेकाळी मुलांना भीती दाखवायला पुरेसं होतं. १७९८ साली पुण्यात चौदा वर्षांच्या बायजाबाईंचं दौलतरावांशी लग्न झालं. दौलतराव तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचे. महादजींच्या मागे आलेली अवाढव्य फौज आणि तिचा थकलेला पगार दोन्ही त्यांच्या गळ्यात होते. पैसा उभा करण्याचं काम जावयानं सासऱ्याकडे सोपवलं. सर्जेरावांनी पुण्यातल्या सावकारांना, कारभाऱ्यांना, सधन गृहस्थांना धरून आणलं आणि तापलेल्या तोफांना बांधलं. गंगाधरपंत भानूंसारखा माणूस त्यात जिवानिशी गेला. शहरातून पैसा असा पिळून निघाला.

त्याच सुमारास शिंद्यांच्या घरात दुसरं भांडण पेटलं. महादजींच्या विधवांना नव्या राजवटीत मानही मिळेना आणि नेमणूकही. तक्रार केली तर सर्जेरावांच्या माणसांनी त्यांच्यावर हात टाकला. तेव्हा त्या बाया फौज गोळा करून उभ्या राहिल्या. लखबादादा लाडांसारखे जुने शेणवी सरदार त्यांच्या बाजूला गेले आणि दौलतरावांना पुढची दोन-तीन वर्षं स्वस्थता मिळाली नाही. इतिहासात याला शिंद्यांच्या बायांचं बंड म्हणतात. त्यातलं राजकारण बाजूला केलं, की मूळ मागणी साधी दिसते: नवऱ्याच्या दौलतीत विधवेचा वाटा किती आणि तो द्यायचा कोणी.

नवी नवरी हे सगळं बघत होती. सासुरवाशीण म्हणून घरात पाऊल टाकताना तिनं दोन गोष्टी पाहिल्या असणार. सावकाराला तोफेला बांधून पैसा एकदाच मिळतो. आणि विधवेच्या हातात स्वतःचा पैसा नसेल तर तिला कोणी विचारत नाही. सर्जेरावांचा शेवट १८०९ साली छावणीतच झाला. दरबारच्या तंबूत जावयाशी झोंबाझोंबी झाली आणि बाहेर तंबूच्या दोरांमध्ये त्यांना भाल्यांनी मारण्यात आलं. लेक मात्र पुढे स्वतः सावकार झाली.

हा इतिहास आहे, अलंकार नाही. उज्जैनला नाथजी किशनदास आणि नाथजी भगवानदास या नावांच्या दोन पेढ्या चालत. त्यांच्यामागचा पैसा बायजाबाईंचा. पाटीवर नाव गुमास्त्यांच्या धाटणीचं, गादीवर बसणारे मुनीम, पण पत महाराणींची. इतिहासकार अमर फारुकी यांनी ग्वाल्हेरच्या या काळावर लिहिताना बायजाबाईंच्या सावकारीकडे मुद्दाम लक्ष वेधलं आहे. त्याआधी ती बहुधा इंग्रज रेसिडेंटांच्या कुरबुरीतच सापडायची: बाई लोभी आहे, बाई पैशाला चिकट आहे. हेच गुण एखाद्या मथुरेच्या शेठजीच्या अंगी असते तर त्याला धोरणी म्हटलं असतं.

पेढी उज्जैनला का, हेही समजून घ्यायला हवं. माळव्यात अफू पिकायची आणि ती मुंबईमार्गे चीनकडे जायची. पीक उभं असतानाच शेतकऱ्याला आगाऊ रक्कम द्यावी लागे. माल हाती येऊन विकला जाईपर्यंत महिने जात. तेवढे महिने कोणाचा तरी पैसा अडकून पडे आणि ज्याचा पैसा अडके तो व्याज खाई. शिवाय एवढी रोकड बैलगाडीतून नेणं म्हणजे पेंढाऱ्यांना आमंत्रण. म्हणून हुंडी. उज्जैनला पैसे भरायचे, कागद घ्यायचा आणि काशीला किंवा मुंबईला त्या कागदावर पैसे उचलायचे. मधली हुंडणावळ पेढीची. दर्शनी हुंडी दाखवताच वटायची, मुदती हुंडी ठरलेल्या दिवसांनी. कोणत्या गावात कोणाची पत किती, कुठे रुपया महाग आणि कुठे स्वस्त, याचं गणित ज्याच्या डोक्यात पक्कं तो या धंद्यात टिके. पडद्याआड बसून हे करता येत होतं. किंबहुना पडद्याआडूनच ते चांगलं होई, कारण हुंडीच्या बाजारात तोंड दिसण्यापेक्षा शब्द पाळला जाणं महत्त्वाचं.

ग्वाल्हेरच्या खजिन्यावर तेव्हा गुजराती आणि मारवाडी पेढ्यांची पकड होती. खजिनदार गोकुळदास पारख इतका मातब्बर, की मथुरेचं द्वारकाधीशाचं मोठं मंदिर त्यानं बांधलं. त्याच्यामागे त्याची दौलत आणि दरारा त्याचा वारस मनीराम याच्याकडे गेला. दरबारला कर्ज देणारा सावकार दरबारावर स्वार होतो, हे बायजाबाईंना कोणी शिकवायची गरज नव्हती. त्यांचं आणि मनीरामचं जमलं नाही.

मार्च १८२७ मध्ये दौलतराव गेले. पोटी मुलगा नाही. बायजाबाईंनी शिंदे घराण्याच्या एका शाखेतला अकरा वर्षांचा मुकुटराव दत्तक घेतला, त्याचं नाव जनकोजी ठेवलं आणि कारभार आपल्या हाती घेतला. पुढची सहा वर्षं ग्वाल्हेरचं राज्य त्यांनी चालवलं. कंपनी सरकार तेव्हा ब्रह्मदेशाच्या युद्धातून बाहेर पडलं होतं आणि त्याची तिजोरी खंक झाली होती. त्यानं या विधवेकडे कर्ज मागितलं आणि बायजाबाईंनी ८० लाख रुपये दिले. सर्जेरावांच्या लेकीकडे कलकत्त्याचं सरकार हात पसरतं, यात काव्यगत न्याय शोधायचा मोह होतो. पण व्यवहार व्यवहारासारखा होता. कंपनीला तैनाती फौजेचा खर्च भागवायचा होता, आणि आपलं आसन टिकवायला कंपनी आपली ऋणको असलेली बरी, असा बायजाबाईंचा हिशेब असावा.

तो हिशेब शेवटी चुकला. जनकोजी मोठा झाला, बाईंनी अधिकार सोडला नाही आणि इंग्रजांनी डिसेंबर १८३२ मध्ये गव्हर्नर जनरल बेंटिंकच्या भेटीनंतरही कोणाचीच बाजू ठामपणे घेतली नाही. जुलै १८३३ मध्ये पलटणी फिरल्या. बायजाबाईंना रातोरात राजवाडा सोडून धोलपूरच्या वाटेला लागावं लागलं. ८० लाखांच्या कर्जाचा उपयोग त्या रात्री शून्य.

पुन्हा तंबू. आग्रा, फत्तेगड, अलाहाबाद असा हा वनवास. १८३५ साली फत्तेगडच्या छावणीत फॅनी पार्क्स नावाची एक इंग्रज बाई त्यांना भेटायला आली. अलाहाबादच्या एका इंग्रज अधिकाऱ्याची बायको. हिंदुस्थानी बोलणारी, सतार शिकलेली, नवऱ्याला घरी ठेवून एकटी हिंडणारी. तिला जरतारी गादीवर बसलेल्या एक वयस्क बाई दिसल्या. केस पांढरे, हसू गोड, हात-पाय लहान आणि सुबक. अंगावर साधं लाल रेशमी लुगडं. विधवा म्हणून सारे दागिने उतरवलेले. हातात फक्त सोन्याच्या साध्या कड्या. लाखोंच्या हुंड्या फिरवणारी बाई आणि अंगावर एवढंच सोनं! भोवतीच्या तरण्या मुली मात्र दागिन्यांनी मढलेल्या होत्या.

मग घोड्यांची गोष्ट निघाली. मराठी बाया लुगड्याचा काष्टा मारून, दोन्ही बाजूंना पाय टाकून घोडा फेकतात. फॅनीनं आपलं इंग्रजी खोगीर मागवलं आणि दोन्ही पाय एका बाजूला टाकून बसून दाखवलं. छावणीतल्या बायांना त्याची भारी गंमत वाटली. असं बसून पडायला होत नाही का, हा प्रश्न त्यांना पडला. फॅनीनं मराठी पद्धतीनं बसून पाहिलं आणि तिला तेच बरं वाटलं.

या भेटींत एकदा बायकांच्या हक्कांवर बोलणं निघालं. विधवेला काय काय सोडावं लागतं हे बायजाबाईंनी सांगितलं. फॅनीनं सांगितलं, की इंग्लंडच्या कायद्यात लग्न झालेली बाई जवळजवळ नवऱ्याची गुलामच असते. ते खरंच होतं. इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रीची कमाई आणि मालमत्ता नवऱ्याची मानली जाई; तो कायदा बदलायला १८७० आणि १८८२ साल उजाडावं लागलं. समोर बसलेल्या पदच्युत मराठी विधवेला राज्य नव्हतं, कुंकू नव्हतं, पण पेढी तिची होती. पुढे बॅलरटच्या वाटेनं निघालेल्या लग्नाच्या इंग्रज बाईच्या नावावर कायद्यानं तेवढंही नव्हतं.

तो पैसा बायजाबाईंनी साठवूनच ठेवला असं नाही. काशीला ज्ञानवापीच्या विहिरीवरचा खांबांचा मंडप त्यांनी १८२८ साली बांधला. तिथला सिंदिया घाट त्यांचाच. घाट इतका जड झाला की त्याचा पाया नदीत खचला. पुढे १८४० साली त्या नाशिकला आल्या. माहेरच्या मुलखाच्या जवळ, पण माहेरी नाही. मग उज्जैन, आणि १८५६ साली अखेर ग्वाल्हेर.

मधल्या काळात त्या घरातल्या आणखी एका पोरसवद्या विधवेच्या नावानं युद्धही होऊन गेलं. १८४३ च्या फेब्रुवारीत जनकोजी वारले तेव्हा त्यांची बायको ताराबाई तेराच्या आतबाहेर. तिनं दत्तक घेतलेले जयाजीराव आठ-नऊ वर्षांचे. दरबारात कारभाऱ्यांची ओढाताण झाली, गव्हर्नर जनरल लॉर्ड एलनबरोनं फौज पाठवली आणि २९ डिसेंबरला महाराजपूर आणि पनियार अशा दोन ठिकाणी एकाच दिवशी मराठी फौज हरली. तहात ग्वाल्हेरवर २६ लाखांचं देणं बसलं. ताराबाईंना काय वाटलं हे कोणी लिहून ठेवलं नाही.

१८५७ च्या सुरुवातीला कोकणात बातमी पोचली. बायजाबाई शिंदे मथुरेला सर्वतोमुख यज्ञ करणार आणि त्यावर सात-आठ लाख रुपये खर्च होणार. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे घरच्या कर्जानं गांजले होते. चुलत्यांना बरोबर घेऊन ते दक्षिणेच्या आशेनं उत्तरेला निघाले. घरच्यांचा जीव वरखाली झाला. वडिलांनी बजावलं, की तिकडे भांग पितात आणि तिकडच्या बाया मायावी असतात. तसे कित्येक भिक्षुक त्या वर्षी वाटेला लागले असतील. कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियाच्या सोन्यामागे जग धावत होतं त्याच दशकात कोकणातला दरिद्री ब्राह्मण ग्वाल्हेरच्या एका विधवेच्या तिजोरीच्या बातमीवर सातपुडा ओलांडत होता. गोडसे भटजींना वाटेत बंडानं गाठलं. यज्ञ बाजूला राहिला. पुढे ते झाशीच्या वेढ्यात सापडले, लुटले गेले आणि गंगेची कावड घेऊन कसेबसे घरी आले. त्यांचा ‘माझा प्रवास’ आपण सत्तावनची हकीकत म्हणून वाचतो. तो सुरू होतो बायजाबाईंच्या पैशापासून.

मग जून १८५८. काल्पी पडल्यावर तात्या टोपे, रावसाहेब पेशवे आणि राणी लक्ष्मीबाई ग्वाल्हेरवर आले. १ जूनला जयाजीराव सामोरे गेले, पण त्यांची फौज बघता बघता पलीकडे मिळाली आणि महाराजांनी धोलपूरमार्गे आग्रा गाठलं. महाराज फूलबागेत वेढले गेले अशी आवई उठली तेव्हा त्यांच्या सासूबाई गजराराजा तलवार उपसून घोड्यावर बसल्या आणि लोकांना हाका मारत फूलबागेपर्यंत दौडत गेल्या. महाराज खरंच निघून गेले आहेत हे कळल्यावरच त्या मागे फिरल्या. राजघराण्यातल्या बाया नरवरच्या बाजूला हलवल्या गेल्या, आणि त्यांत सत्तरी ओलांडलेल्या बायजाबाई होत्या. तात्यांच्या बाजूनं त्यांना वळवायचे प्रयत्न झाले. त्या वळल्या नाहीत. राज्य जाताना कंपनीनं पाठ फिरवली होती, तरीही नाहीत. याला कोणी निष्ठा म्हणेल, कोणी भ्याडपणा. सावकारानं आपली जोखीम मोजली, असंही म्हणता येईल.

इकडे शहरात शिंद्यांची गंगाजळी उघडली गेली. शिपायांना थकलेला पगार आणि वर इनाम वाटलं गेलं. रावसाहेबांनी दरबार भरवला, ब्राह्मणभोजनं घातली. राणी लक्ष्मीबाईंना हा थाट पसंत नव्हता असं सांगतात. त्यांना मोर्चे बांधायचे होते. शिंद्यांच्या जवाहिरखान्यातला एक मोत्यांचा कंठा शेवटच्या लढाईत त्यांच्या गळ्यात होता आणि प्राण सोडताना त्यांनी तो आपल्या माणसांत वाटून टाकायला सांगितला, असा उल्लेख त्या वेळच्या इंग्रजी टिपणांत येतो. कोटा की सराईजवळ १७ जूनला, आपल्याकडच्या काही हकीकतींप्रमाणे १८ जूनला, त्या पडल्या. बरोबर त्यांची सखी मुंदरही पडली. २० जूनला किल्ला इंग्रजांकडे गेला.

आणि मग हिशेब चुकता करण्याची वेळ आली. गंगाजळीचा खजिनदार अमरचंद बांठिया हा मूळचा बिकानेरकडचा जैन. बंडवाल्यांना खजिन्यातून पैसा दिला या आरोपावरून त्याला धरलं गेलं. फाशीसाठी जागा निवडली ती भर सराफ्यातली. २२ जून १८५८ रोजी तिथल्या कडुनिंबाला त्याला लटकावलं आणि प्रेत दिवसच्या दिवस तसंच राहू दिलं, असं ग्वाल्हेरात आजही सांगतात. सराफ्यात का, हे उघड आहे. जरब बसवायची होती ती शिपायांवर नव्हे, शिपायांना पैसा पुरवणाऱ्या पेढ्यांवर.

राणींच्या मागे राहिलेलं सोनंही फार दिवस टिकलं नाही. दत्तक मुलगा दामोदरराव जेमतेम आठ-नऊ वर्षांचा. विश्वासू माणसांनी त्याला जंगलातून लपवत फिरवलं. पोरक्या पोराला सांभाळणाऱ्या त्या ताफ्याचा खर्च बरोबरच्या दागिन्यांवर चालला होता. एकेक डाग विकत, वाटेतल्या जमीनदारांना देत, पावसाळे काढत ते झालरापाटणच्या बाजूला आले. य. न. केळकरांनी पुढे प्रसिद्ध केलेल्या दामोदररावांच्या आठवणींत शेवटच्या चीजेची नोंद आहे: आईचे ३२ तोळ्यांचे तोडे. तेही विकले गेले. मे १८६० मध्ये मुलगा इंदूरला पोचला आणि इंग्रजांनी त्याला वर्षाला १०,००० रुपये नेमणूक दिली. झाशी खालसा करताना त्याच्या आईला ६०,००० देऊ केले होते.

बायजाबाई १८६३ साली ग्वाल्हेरातच वारल्या. पाठोपाठ सगळाच जमाना बदलला. १८६४ पासून इंग्लंडच्या आणि ऑस्ट्रेलियाच्या टांकसाळींतली सोन्याची नाणी हिंदुस्थानच्या सरकारी खजिन्यात दहा रुपयांना स्वीकारली जाऊ लागली. बॅलरटच्या मातीतून निघालेलं सोनं असं आपल्याकडच्या सराफांच्या तराजूपर्यंत पोचायला वाट झाली. १८७२ साली जयाजीरावांनी आग्रा-ग्वाल्हेर रेल्वेसाठी ७५ लाख रुपये कर्जाऊ दिले. रेल्वे आली, तार आली. उज्जैनच्या पेढ्यांचं जुनं बळ ज्या अंतरावर उभं होतं ते अंतरच आटलं.

इथवर ज्यांची नावं आली त्या बहुतेक राण्या, किंवा राण्यांच्या सोबतच्या. लष्करात आलेल्या बाकीच्या हजारो बायांची नावं कुठे आहेत? ती असलीच तर गहाणखतांत, वाटणीपत्रांत, सोडचिठ्ठ्यांत, सराफाच्या वहीतल्या ‘पुतळ्यांची माळ एक, गोठ जोडी एक’ अशा धर्तीच्या नोंदींत. लग्नात काय घातलं, विधवा झाल्यावर काय उतरलं, दुष्काळात काय मोडलं, हे तिथेच कळणार. हे कागद मोडी लिपीत आहेत आणि मोडी वाचणारे कमी होत चालले आहेत. ग्वाल्हेर, इंदूर, उज्जैन, देवासच्या जुन्या मराठी घरांत, माळ्यावरच्या पेट्यांत असे रुमाल अजून निघू शकतात. वाडा विकताना किंवा पाडताना ते रद्दीत घालू नका. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ असे कागद सांभाळतं, सीतामऊचं नटनागर शोध संस्थान तर माळव्यातच आहे. निदान वाचून घेण्यापुरते तरी ते जाणकारांना दाखवा.